चूकबाईंची सही

१

चित्रपटाच्या कचेरीत सगळे त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे चूकबाई. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पस्तीस वर्षं त्यांनी संग्रहालयात युद्धविभागाचे कागद सांभाळले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आता युद्धपटांतल्या चुका काढत होत्या. सैनिकाच्या मनगटावर पाच वर्षं पुढचं घड्याळ सापडलं की त्यांचा दिवस सार्थकी लागे.

काम ठरलेलं होतं. सकाळी नऊला गोदामात उभारलेल्या खोट्या चौकीवर जायचं, हात पाठीशी बांधून एक फेरी मारायची आणि प्रत्येक चुकीची एक चिठ्ठी लिहायची. दाखवलंय काय, खरं काय, आधार कुठला. दिग्दर्शक एक तर चूक सुधारी, नाहीतर प्रेक्षकांचं नाव पुढे करून अडून बसे. तो अडलाच आणि बाईंची हरकत नसली, तर त्या चिठ्ठीखाली लिहीत, 'इतिहासापासून फारकत, सल्लागारास मान्य', आणि सही करत. त्या सहीशिवाय निर्मात्याचे वकील दृश्य घेऊ देत नसत. म्हणून बाई सही जपून करत. लहान चूक सोडायची आणि तिच्या बदल्यात मोठी सुधारून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता.

हा चित्रपट तर त्यांच्या घरचाच. पुलाची चौकी, अकरा जवान, एकोणीस दिवसांचा वेढा. मदत पोचली तेव्हा चौघं जिवंत होते. त्या चौघांतले तिघं पुढे म्हातारपणानं गेले. चौथे बाईंचे वडील, चौकीवरचे वायरलेसवाले. वय शहाऐंशी, आणि मुक्काम बाईंच्याच घरात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत.

"बाई, वायरलेसवाल्याला उजव्या हाताला लागू दे," त्या शुक्रवारी दिग्दर्शक म्हणाला.

"डाव्या. आणि गोळी नाही, छर्रे."

"छर्रे तर छर्रे. पण डावीकडे भिंत आहे. कॅमेरा काय भिंतीत घालू?"

बाईंनी जरा विचार केला. "ती हेल्मेटं बदला. चार वर्षांनंतरची आहेत."

दिग्दर्शकानं कपाळ चोळलं. "बदलतो. हात सोडा."

एका हाताच्या बदल्यात अकरा डोकी, सौदा वाईट नव्हता. बाईंनी सही केली आणि वेळेवर घरी गेल्या.

२

रविवारी सकाळी बाबांच्या हाताला तेल लावायचं असे. आई गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, हे काम बाईंकडे होतं. जुनी जखम थंडीत ओढे, तेलानं बरं वाटे. बाबा बंडीवर खुर्चीत बसले, बाईंनी वाटीतलं कोमट तेल बोटांवर घेतलं आणि सवयीनं त्यांचा डावा हात मांडीवर ओढला.

हात गुळगुळीत होता. म्हातारा, सुरकुतलेला, पण कुठे काही नाही.

"पोरी, लक्ष कुठंय तुझं?" बाबा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. कोपराखाली पाच खळगे आणि एक लांब पांढरी रेघ. बाईंनी तेल चोळलं. बोटांना त्या खळग्यांची जागा बरोबर ठाऊक होती, फक्त ती उलट बाजूनं ठाऊक होती.

माणसाचं डोकं अशा वेळी फार कामसू होतं. बाईंनी स्वतःला समजावलं की आपण समोर बसतो, समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, गोंधळ व्हायचाच. तरी दुपारी त्यांनी दूर राहणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला.

"बाबांची जखम कुठल्या हाताला रे?"

"उजव्या. का गं ताई, दुखतोय का?"

"नाही. सहजच."

"तुझं लहानपणापासून डावं-उजवं कच्चं," भाऊ हसून म्हणाला. "चपला उलट्या घालून शाळेत जायचीस."

हे खरं होतं. मग बाईंनी कपाटातली वही काढली. वीस वर्षांपूर्वी बाबांना समोर बसवून त्यांची सगळी हकिकत त्यांनी तिच्यात उतरवली होती. तिच्यात लिहिलं होतं, 'नवव्या दिवशी हाताला छर्रे लागले.' कुठल्या हाताला, ते नव्हतं. जगाच्या चुका काढणाऱ्या बाईंच्या वहीत एवढी ढिलाई. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या रागात बाकीचं मागे पडलं.

३

पुढच्या मंगळवारी दिग्दर्शकानं कुत्रं आणलं.

तांबूस, मध्यम अंगाचं, कपाळावर काळा ठिपका. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि ते बाईंकडे.

"चौकीवर कुत्रं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"असायला हवं होतं. माणसं मरतात तेव्हा प्रेक्षक पॉपकॉर्न खातात, बाई. कुत्रं मागे राहिलं की रडतात."

"आणि सुभेदारांचं ते भाषण? भिंतीवर उभं राहून? त्यांचा घसा पहिल्याच दिवशी बसला होता. ते खुणेनं हुकूम देत होते."

"भाषण काढलं तर कुत्रं राहील?"

बाईंनी सही केली. चहाच्या वेळी सगळ्यांनी मिळून कुत्र्याचं नाव बटण ठेवलं. बाई संध्याकाळी सहाला घरी पोचल्या, चपला काढल्या, आणि त्यांचा पाय एका बशीत पडता पडता राहिला. स्वयंपाकघराच्या भिंतीशी जमिनीवर बशी होती. बशीत दूध, दुधात पावाचे तुकडे.

"बाबा, हे काय?"

"बटणला," खुर्चीतून आवाज आला.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांनी घरी फोन केला नव्हता. चित्रपटाबद्दल त्या घरात अवाक्षर काढत नसत, बाबांना त्रास होतो म्हणून. आणि बाबा कुत्र्यांना इतके घाबरत की पहिल्या मजल्यावरचं कुत्रं लिफ्टमध्ये असलं तर तीन जिने चढून येत.

"कोण बटण?"

"चौकीवरचा गं. कपाळावर काळा ठिपका होता. माझ्या पायांवर झोपायचा, म्हणून तर बोटं वाचली."

"चौकीवर कुत्रं नव्हतं, बाबा."

"तू होतीस का तिथे?" बाबा शांतपणे म्हणाले. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. "गाडीत जागा नाही म्हणाले. पुलाच्या टोकापर्यंत धावत आलं मागे. मी हाकसुद्धा मारली नाही. हाक मारली असती तर पाण्यात उडी टाकली असती त्यानं."

ते रडले. आई गेली तेव्हाही बाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना बाईंना भीती वाटली, पण भीतीहून जास्त वाटली ती शरम. दुपारी सहज केलेल्या एका सहीनं त्यांनी शहाऐंशी वर्षांच्या माणसाला चौसष्ट वर्षांचं दुःख दिलं होतं.

४

हे कुणाला सांगायचं? भावाला सांगितलं असतं तर त्यानं पुढच्या गाडीनं येऊन बाईंनाच डॉक्टरकडे नेलं असतं. काम सोडावं, तर दुसरा सल्लागार येणार, आणि तो दिवसाला दहा सह्या करणार. त्याच्या सह्यांनी काही होत नसेलही. पण होत असेल तर? बाईंनी ठरवलं, कामावर राहायचं आणि सही करायची नाही.

गुरुवारी दिग्दर्शकानं शेवट बदलायचं काढलं. "अकराच्या अकरा मरतात. शेवटी नुसता वारा आणि वायरलेसची खरखर. काय?"

बाईंच्या डोळ्यांसमोर घरातली खिडकीजवळची खुर्ची आली. पण आवाज त्यांनी जागेवर ठेवला. "चौघं परत आले. चार म्हणजे चार. त्यात एकानं कमी नाही की एकानं जास्त नाही. हा आकडा सरकारी नोंदीत आहे. मी सही करणार नाही, आणि तुम्ही दुसऱ्या कुणाची आणलीत तर वर्तमानपत्रात पत्र लिहीन."

बराच वेळ वाद झाला. जेवणाची सुट्टी झाली तरी दोघं जागचे हलले नाहीत. अखेर दिग्दर्शक मऊ पडला. "बरं, चार. तुमच्या आकड्याला हात लावत नाही. पण मलाही काहीतरी द्या. हेल्मेट घातलेले अकरा चेहरे प्रेक्षकांना वेगळे ओळखू येत नाहीत. दोघांचा एक करतो. वायरलेसवाला आणि तो पाणी आणणारा. वायरलेसचा सेटही त्याच्याच खांद्यावर आणि पाण्याच्या बाटल्याही."

पाणी आणणारा म्हणजे शिट्टी. दारातून वाकून जाणारा उंच गडी. सतत शिट्टी वाजवी, म्हणून ते नाव पडलेलं. रात्री नदीवर उतरून तो सगळ्यांसाठी पाणी आणी, आणि सोळाव्या दिवशी नदीकाठीच गेला. बाबांचा सगळ्यात जवळचा मित्र. त्याचा विषय निघाला की बाबा उठून आत जात.

दोन माणसांचं एक पात्र करणं म्हणजे या धंद्यात रोजचं. तारीख बिघडत नाही, हत्यार बिघडत नाही, आकडा तर नाहीच नाही. संग्रहालयातला कुठलाही जाणकार त्यावर डोळे मिटून सही करतो, कारण ती चूक मानलीच जात नाही, तो संक्षेप. बाई मोठी लढाई जिंकून बसल्या होत्या आणि त्यांना भूक लागली होती. चार आकडा वाचला या आनंदात, सही करायची नाही हे ठरवल्याला दोन दिवसही झाले नाहीत तोवर, त्यांनी सही केली.

संध्याकाळी घराच्या जिन्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वरून, तिसऱ्या मजल्यावरून, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

५

बाबांना शिट्टी वाजवता येत नसे. पुढच्या दोन दातांत फट होती, नुसती हवा जाई. आता ते खुर्चीत बसून एक साधीशी चाल वाजवत होते, स्वच्छ आणि सुरात.

"दमलीस?" ते म्हणाले. "पाणी आणून ठेवलंय." ओट्यावर घरातली सगळी भांडी भरून ठेवली होती. पातेली, लोटे, कप, औषधाचा चमचासुद्धा.

नंतरच्या दिवसांत बाबांना दुखलं-खुपलं काही नाही. पण बाई खोलीत शिरत तेव्हा त्यांना आधी खुर्ची दिसे, मग तिच्यातली उशी, मग उशीवरचा खोलगट भाग, आणि मग बाबा. हे उलट व्हायला हवं. त्या दारात थांबून डोळे मिटत आणि पुन्हा उघडत. बाबा असत. पण रोज जरा जास्त वेळ लागे.

डॉक्टरीण घरी येऊन गेली. नाडी लागायला तिला तीनदा बोटं सरकवावी लागली. "वय झालं की असं होतं," ती म्हणाली. पण जाताना तिनं आपले हात एकमेकांवर चोळले, गार पाण्यातून काढल्यासारखे.

"बाबा, सोळाव्या दिवशी काय झालं?" रविवारी तेल लावताना बाईंनी विचारलं.

"मी पाण्याला गेलो."

"तुम्ही? तुम्ही वायरलेसवर होतात ना?"

"वायरलेसवर होतो, आणि पाण्याला गेलो." त्यांना यात काहीच अडचण दिसत नव्हती. "दोन्ही बाटल्या भरल्या. बुचं घट्ट लावली. वळलो."

"मग?"

बाबांनी मान खाली घालून आपल्या बंडीच्या पुढच्या भागाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मग नाही काही," ते म्हणाले. बाईंच्या हातातला त्यांचा हात हलका झाला, इतका की त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. तेव्हा त्यांना सरळ कळलं की एक माणूस परत आला होता आणि एक आला नव्हता, त्या दोघांना आपण एक केलंय, आणि आता तो एकच माणूस दोन्हींकडे पुरत नाहीये.

६

सोमवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी गोदामात पोचल्या. दोघांना एक करणारी चिठ्ठी परत द्या म्हणाल्या. सहायक मुलगी गोंधळली. चिठ्ठी वकिलांकडे गेली होती, आणि त्या पात्राची निम्मी दृश्यं घेऊनही झाली होती. नदीकाठचं दृश्य आजच होतं. गोदामाच्या मागे खड्डा खणून पाणी भरलं होतं, त्यावर यंत्रानं धुकं सोडलं होतं.

दिग्दर्शक हसतच आला. "बाई, बरं झालं लवकर आलात. हे दृश्य मात्र मला शंभर टक्के खरं हवंय. नाटक नको, काही नको. तो पाण्याला जातो आणि पडतो, एवढंच. पालथा पडला का उताणा? हात कुठे होते? तुम्हाला ठाऊक असणार."

बाईंना ठाऊक होतं. पालथा. बाटल्या छातीखाली, बुचं घट्ट, एक थेंब सांडलेला नाही. तीन महिने त्यांनी या माणसाशी खऱ्यासाठी भांडण केलं होतं आणि आज तो समोर हात जोडून खरं मागत होता. त्यांनी खुर्ची घेतली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर ठेवला, आणि आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली.

त्यांनी लिहिलं, 'पाण्याला गेलेला जवान पडला नाही. पाणी घेऊन चौकीवर परतला. वेढ्यातून जिवंत परत आला. आधार, प्रत्यक्ष साक्ष.' आणि खाली सही केली.

दिग्दर्शकानं चिठ्ठी दोनदा वाचली. "परत आला? मग दृश्यात उरलं काय?"

"जे घडलं ते उरलं."

तो हिरमुसला. पण चूकबाईंच्या चिठ्ठीवर अविश्वास दाखवायची त्याच्यात हिंमत नव्हती. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याकडे गेला.

दुपारी दोनपर्यंत दृश्य झालं. धुक्यातून तो नट वर आला, दोन्ही बाटल्या छातीशी धरून. पाय घसरला, सावरला, चढला. वर पोचल्यावर त्यानं बाटल्या खाली ठेवल्या आणि नुसता उभा राहिला. कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकानं डोळे पुसले. बाईही रडल्या, मनापासून, आणि लगेच घरी निघाल्या.

७

चार वाजले होते. जिन्यात ऊन आलं होतं. दारापाशी मोठ्या मापाच्या चपला होत्या, कुणीतरी भेटायला आलंय असं बाईंना वाटलं. आतून शिट्टी ऐकू येत होती. त्यांनी घंटा वाजवली.

दार उघडलं ते एका उंच म्हाताऱ्यानं. चौकटीतून बाहेर डोकवायला त्याला मान वाकवावी लागली.

"आलीस? आज लवकर?" तो म्हणाला. चेहरा प्रेमळ होता. बाईंनी तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

"बाबा कुठंयत?"

"उन्हातून आलीस, बस आधी." त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पाण्याचा पेला दिला. बाई आत गेल्या. खिडकीजवळची खुर्ची भिंतीपासून जरा पुढे ओढलेली होती, लांब पाय मावावेत अशी. ऊन तिच्या दोन्ही हातांवर पडलं होतं. टेबलावरचा फोन वाजत होता, भावाचा. त्यांनी तो कानाला लावला.

"ताई, बाबांना सांग, गोळ्या पाठवल्यात. आणि परवा फोनवर ती चाल किती सुरेख वाजवली त्यांनी. मुलं अजून तीच गुणगुणतायत."

बाईंनी फोन ठेवला. म्हातारा खुर्चीत टेकला होता.

"वायरलेसवर कोण होतं?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

विषय टाळायला म्हातारा अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. मग म्हणाला, "कशाला तो विषय? एवढासा होता, माझ्या खांद्याला लागायचा. सोळाव्या दिवशी मीच निघालो होतो गं पाण्याला, नेहमीसारखा. गेलो, आलो. वर येऊन बघतो तर सेटपाशी तो नव्हता. मला उशीर झाला म्हणून शोधायला उतरला होता दुसऱ्या वाटेनं." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "चौघं आलो आम्ही परत. चौघंच."

चार. बाईंनी भांडून, पत्राची धमकी देऊन राखलेला आकडा. तो एकानं कमी झाला नव्हता की एकानं जास्त झाला नव्हता. शिट्टी त्यात आला, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी जावं लागलं होतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, कारण दुसरीकडे कुठे जावं ते सुचेना. ओट्याला टेकून त्यांनी बाबांचा चेहरा आठवायला घेतला. दातांतली फट आठवली. कपाळ आठवलं. मग कपाळ पुन्हा आठवायला गेल्या तर ते जरा रुंद निघालं. वरच्या फळीवरचा चहाचा डबा त्यांनी हात उंचावून काढला, आणि काढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की त्याला एरवी स्टूल लागायचं. डबा हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. ओरडावं असं वाटत होतं. कुणाच्या नावानं ओरडावं, ते नाव जिभेवर येत होतं आणि जात होतं.

"चिमणे," बाहेरच्या खोलीतून हाक आली. या नावानं त्यांना कधी कुणी हाक मारली नव्हती. "चहा टाकतेस ना? मलाही घोटभर."

"टाकते, बाबा," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून बाहेर पडले तरी त्यांना ते खोटे वाटले नाहीत.